कापश्याची पाठ

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मशीन फिरवलं तसे मांजराच्या पिल्लाच्या पाठीवरचे आणि दोन्ही कुशींवरचे केस टेबलावर गळून पडले. खाली कुत्र्याच्या दातांची जखम होती. पिल्लू गप्पच होतं. "आई गं" म्हणाली ती त्याला ओट्याखालून उचलून आणणारी इस्त्रीवाली.

"पांढरंशुभ्र आहे हो. मी तर नावसुद्धा ठेवलं, कापश्या."

"पांढरं म्हणायची घाई नको, ताई. कान बघा, शेपटीचं टोक बघा. काळसर व्हायला लागलंय ना? काही मांजरांचं असंच असतं. अंग जिथे गार राहतं तिथे केस काळे येतात. आता ही पाठ उघडी पडली. ऊब दिलीत तर पांढरी भरेल, गारठली तर काळी."

"उबेला काय तोटा आमच्याकडे!"

खरंच तोटा नव्हता. पुढच्या खोलीत दिवसभर इस्त्री तापलेली असायची, आणि इस्त्री केलेल्या चादरींच्या थप्प्या संध्याकाळपर्यंत कोमट राहायच्या. तिने नवऱ्याच्या जुन्या स्वेटरची बाही कापून कापश्याला अंगरखा शिवला आणि पोटाखाली नाडीची गाठ मारली.

सुतारकाम करणारा तिचा नवरा गेल्या हिवाळ्यात करवत-रंधा घेऊन कामावर म्हणून गेला तो परतलाच नाही. बाईची भानगड असणार, असं सगळा शेजार म्हणत होता. दीर तर तोंडावर म्हणायचा, "वहिनी, दादाने दुसरं घर थाटलंय. डोळे उघडा आता."

"थाटू दे," ती म्हणायची, आणि ते अगदी मनापासून म्हणायची. असू दे दुसरी बाई, पण माणूस जिवंत असू दे. रोज सकाळी इस्त्री तापेपर्यंत ती त्याला शिव्यांची लाखोली वाहायची. जिवंत माणसालाच शिव्या देता येतात, एवढा हिशेब त्यात होता.

कापश्याने खिडकीजवळची खुर्ची बळकावली. ती नवऱ्याची खुर्ची होती. कामावरून आला की तो तिथे बसायचा, आणि थंडीच्या दिवसांत ती पाठमोरी दिसली रे दिसली की उठून दोन्ही गार हात तिच्या मानेवर ठेवायचा. ती किंचाळायची. तो हसायचा. "अगं, शेकू दे जरा. तुझ्या अंगात निखारे आहेत." करवतीने त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं नेलं होतं. ते तर सगळ्यांत गार लागायचं.

जखम भरली. पण अंगरखा काही अंगावर टिकेना. ती रोज घट्ट गाठ मारायची, आणि दुपारी बघावं तर नाडी सुटलेली, अंगरखा खुर्चीच्या हातावर पडलेला. द्वाड कार्टं, असं म्हणत ती पुन्हा घालायची. एकदा पलंगपोसाला पाणी शिंपडताना तिचं सहज लक्ष गेलं. कापश्या डोळे मिटून गुरगुरत होता. त्याची पाठ हळूच खाली दबली, मग वर आली, पुन्हा दबली. तिने जाऊन त्याला उचललं. पोट ऊन ऊन होतं आणि दोन्ही कुशी माठासारख्या गार. खिडकी बंद होती.

केस पुरते वाढले त्या सुमारास दीर आला. तिने चहा टाकला. तो खुर्चीत बसला नाही, तिथे बसायचं त्याने केव्हाच सोडलं होतं. नेहमीचं पालुपद सुरू करता करता त्याने कापश्याला मांडीवर घेतलं आणि तो मध्येच थांबला.

"वहिनी, याला रंग कुणी लावला?"

पाठ पांढरी भरली होती. मात्र एका कुशीवर काळा अंगठ्याएवढा डाग होता आणि दुसरीवर चार काळ्या पट्ट्या. दिराने त्यांवर आपला उजवा हात ठेवला. भावाभावांचे हात सारखेच असतात. अंगठा बसला, पहिलं बोट बसलं, शेवटची दोन्ही बसली. मधल्या बोटाखालची पट्टी तेवढी अर्ध्यावरच संपली होती.

त्याने हात काढून घेतला आणि कितीतरी वेळ तो शर्टाला पुसत राहिला.

"चहा घ्या, भाऊजी. निवतोय," ती म्हणाली. 

चहा तसाच ठेवून तो उठला. दुसऱ्या घराचं नाव त्याने काढलं नाही. उंबऱ्यात त्याला हुंदका आला, तो त्याने खोकल्यात लपवला.

तो गेल्यावर ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली. वर्षभराच्या शिव्या तिला एकेक करून आठवत होत्या. मग कुणा गिऱ्हाइकाची, ते न बघता तिने एक चादर चांगली कडकडीत तापवली आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर पसरली.

"इतके दिवस गारठत बसलात," ती म्हणाली, "मला सांगता नाही आलं?"

कापश्या खुर्चीत चढून गुरगुरायला लागला. ती खुर्चीकडे पाठ करून खाली बसली. केस पुढे घेतले, मान वाकवली, आणि या वेळी ओरडायचं नाही असं स्वतःला बजावून वाट बघत राहिली.