एका क्षणात सगळं संपलं

शिंपी मुळात खोटं बोलणारा माणूस नव्हता. 'परवा नक्की देतो' एवढं सोडलं तर. पण ते काय, शिंप्यांचं खोटं. त्याला कुणी खोटं म्हणतच नाही. गिऱ्हाईकही मान डोलावतं आणि आठवडाभरानंच येतं.

तर हा शिंपी बहिणीकडे जायला म्हणून जन्मात पहिल्यांदा विमानात बसला, आणि नेमकं तेच विमान उतरताना धावपट्टी सोडून गवतात घुसलं. मधोमध चिरलं. शिंपी खुर्चीसकट बाहेर फेकला गेला. पायाचा चुरा झाला, पण जीव राहिला. त्याच्याशिवाय एकही माणूस राहिला नाही. पेपरवाल्यांनी त्याला 'नशीबवान' म्हणून टाकलं. बायकोनं तो पेपर बघितला आणि आधी रद्दीत कोंबला. म्हणाली, एवढी माणसं गेली आणि यांना नशीब सुचतंय.

खोट्याची सुरुवात दवाखान्यात झाली. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. त्यांची बायको त्या विमानात होती. खाटेशी उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, फार हाल झाले का हो तिचे? शिंप्यानं त्यांच्या थरथरत्या हनुवटीकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही हो बाबा. एका क्षणात सगळं संपलं. कुणाला काही कळलंसुद्धा नाही." म्हाताऱ्यांनी त्याचा हात धरला आणि ते ढसाढसा रडले. जाताना म्हणाले, आज झोप लागेल. आता सांगा, अशा माणसाला खरं कोण सांगेल? तुम्ही सांगाल? मी तरी नसतं सांगितलं.

पण एकाला सांगितलं की दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? दवाखान्यातून शिंपी दुकानात आला, तर लोक दुकानात यायला लागले. हातात फोटो. याला पाहिलं होतंत का, हिला पाहिलं होतंत का. शिंप्याची पंचाईत अशी की त्याला चेहरे आठवतच नव्हते. आठवत होते ते कपडे. विमान सुटेपर्यंत बसल्या जागेवरून त्यानं येणाऱ्या प्रत्येकाची शिलाई बघून घेतली होती. धंद्याची खोड, दुसरं काय! मग तो विचारायचा, खांदा उतरलेला राखाडी कोट होता का? समोरचा माणूस गहिवरून हो म्हणायचा. कोट खरा निघाला की पुढचं सगळं खरंच वाटायचं.

पाळणाघरवाल्या ताईंचं तसंच झालं. त्यांची एकुलती एक मुलगी नुकतीच नोकरीला लागली होती, सुट्टी संपवून परत निघाली होती. शिंप्यानं विचारलं, मोहरीच्या रंगाचा स्वेटर, एक बाही जराशी लांब? ताई रडता रडता हसल्या. म्हणाल्या, विणताना माझंच माप चुकलं होतं, उसवायला दे म्हटलं तर देईना. त्या दिवसापासून त्या शिंप्याला भाऊ म्हणायला लागल्या. पाळणाघर बंद झालं की वरचेवर दुकानात येऊन बसायच्या, बायकोबरोबर चहा घ्यायच्या, आणि निघताना तेच एक वाक्य मागायच्या. शिंपी ते द्यायचा. हळूहळू त्या जेवायला लागल्या, केस नीट विंचरायला लागल्या. बायको हे बघायची आणि काजं करता करता गप्प बसायची, कारण खरं काय ते फक्त तिला ठाऊक होतं.

खरं असं होतं की एका क्षणात काहीच संपलं नव्हतं. विमानाचा मागचा भाग धड राहिला होता आणि त्यातली माणसं जिवंत होती. मागचं दार उघडेना. शिंपी मोडक्या पायानं गवतात पडून ते सगळं ऐकत होता. विमानानं पेट नंतर घेतला.

मग एक दिवस विमान कंपनीचा वकील आला. गोड माणूस, अगदी साखरेच्या पाकातला. आल्या आल्या पायाची चौकशी केली. म्हणाला, चौकशी समितीपुढं तुमची साक्ष आहे, काही घाबरायचं कारण नाही. तुम्ही सगळ्यांना जे सांगता तेच सांगायचं, एक अक्षर जास्त नको. कुणीतरी उगीच मागच्या दाराचं खूळ काढलंय. पण माणसं आपटतानाच गेली म्हटल्यावर दार उघडत होतं की नव्हतं, याला अर्थच काय उरतो? शिंप्याच्या हातातला खडू गळून पडला.

वकिलाची पाठ फिरली तशी बायको मशीनवरून उठली. "अहो, तसल्या दाराची बाकीची विमानं अजून उडतायत ना? गेलेल्यांच्या माणसांना बरं वाटावं म्हणून जितीजागती माणसं त्या दाराशी नेऊन उभी करणार आहात का?"

शिंपी म्हणाला, मग ताईंचं काय? त्या मरतील गं. निदान चारचौघांत कानावर पडण्याआधी घरी जाऊन सांगा, एवढंच बायको म्हणाली.

तो गेला. कुबडी टेकत गेला. जिन्यापर्यंत सगळी वाक्यं तोंडात तयार होती. ताईंनी त्याच्या पाठीशी उशी लावली, पाय स्टुलावर ठेवायला लावला. म्हणाल्या, उद्या मी पुढंच बसणार आहे भाऊ, तुम्ही बिनधास्त बोला. शिंप्यानं चहा प्यायला, पाण्याचा पेला प्यायला, परत एकदा पाणी मागितलं आणि तसाच घरी आला. त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. ताई खरंच पुढच्या रांगेत. वकिलानं हसून सुरुवात केली की एका क्षणात सगळं संपलं, असं तुम्ही म्हणता, बरोबर?

"नाही," शिंपी म्हणाला. आणि ताईंकडे न बघता त्यानं सांगायला घेतलं. मागची माणसं जिवंत होती. दारापाशी एक मुलगी होती. चढताना तिनं त्याची पिशवी वर ठेवून दिली होती, दोन शब्द बोलली होती, म्हणून आवाज ओळखू आला. हँडल अर्ध्यावर अडकतंय, सगळ्यांनी मिळून ओढा, असं ती ओरडून सांगत होती. अंगात मोहरीच्या रंगाचा स्वेटर होता, तेही त्यानं सांगितलं.

वकिलाच्या चेहऱ्यावरचा पाक उतरला. इतके महिने घरोघरच्या माणसांना तुम्ही वेगळंच सांगत होतात, म्हणजे खोटं तेव्हा की आता, असं त्यानं विचारलं. शिंपी म्हणाला, तेव्हा. आणि आताचं खरं, हे कशावरून? खोटं बोललेल्या माणसाजवळ याचं उत्तर नसतंच.

समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, आणखी काही ऐकलंत का.

"एक ऐकलं. पण वेडगळ वाटेल. ती मोजत होती. एक, दोन, साडेमाडे तीन. तीन म्हटलं की सगळे मिळून ओढायचे."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. वकील म्हणाला, हे पोरांचे खेळ इथं कशाला? आणि तेवढ्यात ताई उभ्या राहिल्या. डोळ्यांना पदर नाही, रुमाल नाही, ते तसेच वाहत होते.

"ती माझी मुलगी. माझ्या पाळणाघरात वाढली. जड काही उचलायचं असलं की अस्संच मोजायची, मोठी झाली तरी. हे मी या माणसाला कधी सांगितलेलं नाही. तो खरं बोलतोय."

अध्यक्षबाईंनी ताईंचं म्हणणं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, या बनावटीची सगळी विमानं आजपासून जमिनीवर ठेवा, दारं तपासून होईपर्यंत. वकील उठून काही बोलायला लागला, त्याला त्यांनी हातानंच बसवलं.

ताई उभ्याच होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी शिंप्याच्या डोळ्यांत बघितलं. या वेळी भाऊ म्हणाल्या नाहीत.

"किती वेळा मोजलं तिनं?"

एकदाच, असं म्हणता आलं असतं. शब्द अगदी ओठावर आला होता, आणि इतके महिने जीभ त्याच वळणाची झाली होती. शिंप्यानं कुबडी घट्ट धरली.

"पुष्कळ वेळा, ताई. आवाज बसेपर्यंत."