नळ मीच उघडा टाकला

माझ्या न्हाणीघरातलं पाणी खालच्या घराच्या छतातून गळायला लागलं, आणि एरवी महिनाभर वाजत नाही ती बेल सकाळीच तीनदा वाजली. खालच्या घरातली बाई, घरमालक आणि त्यानं आणलेला प्लंबर. खुर्च्या दोनच, म्हणून तिघंही उभेच राहिले.

खालचीचं कपाट भिजून फुगलं होतं. तिनं मनसोक्त तोंडसुख घेतलं. मालक म्हणाला, भाडेकरूच्या हातून झालं असेल तर भरपाई भाडेकरूची, पाइप सडला असेल तर माझी. मी म्हटलं, बघून घे, या हातांनी आजवर काही सांडलेलं नाही.

मालक तिच्याबरोबर खाली नुकसान बघायला गेला तेवढ्यात प्लंबरनं टाइल उचकटली. पाइपाची पार चाळण झालेली. मी अशी सुखावले! पण तो म्हणाला, “आजी, मालकाला कळलं तर सगळेच पाइप काढेल. दोन महिने घर रिकामं करावं लागेल.”

रिकामं केलं की मला परत कोण घेतंय? मालक निमित्तालाच टेकलेला. ह्यांनी शेवटचा श्वास घेतला तो याच खोलीत.

“आत्ता टाइल झाक, मागाहून एवढाच तुकडा बदल आणि गप्प बस,” मी म्हटलं.

“बाकीचा वर्षभर टिकेल फार तर. आणि दोष तुमच्यावर येईल.”

“येऊ दे. दोषाला राहायला जागा लागत नाही, मला लागते.”

ती दोघं वर आली तेव्हा सांगितलं, नळ मीच उघडा टाकला, कपाट मी भरून देते. खालचीचं तोंड एकदम मऊ झालं. ते मला जास्त लागलं.

लेकाला फोन करून तेच सांगितलं. सासूपुढे, नवऱ्यापुढे, सुनेपुढे मी कधी चूक कबूल केली नाही, खरी होती तेव्हाही नाही. जन्मात पहिल्यांदा केली ती खोटी. वाटलं, हा तरी उसळेल, म्हणेल, तू आणि नळ विसरशील? नुसतं भांडला असता तरी चाललं असतं.

“असू दे गं आई,” तो म्हणाला. “वय झालं की होतंच असं.”

मग जेवलीस का विचारलं, आणि मी सांगायच्या आत त्याला दुसरा फोन आला.