कुणाच्या घरचं बी

उझमाचा लॅपटॉप दिवाळीपासून रुसला होता, आणि ही खुळी चार महिने त्याची समजूत काढत बसली. लातूरकडच्या वाशीच्या बियाणं-संस्थेत तिचं काम गावोगाव हिंडायचं. बायांनी घरात जपलेल्या जुन्या वाणांची लॅपटॉपवर नोंद करायची आणि बाजाराच्या दिवशी ऑफिसात येऊन वायर जोडायची. मग लॅपटॉपातल्या आणि सर्व्हरवरच्या फाइली आपसूक सारख्या व्हायच्या. दिवाळीत सर्व्हर बदलला, तसं ते जुळणं थांबलं. फाइली मात्र लॅपटॉपात उघडायच्या, म्हणून तिनं फार मनावर घेतलं नाही. उमादेवीअक्कांना विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या, "नवा सर्व्हर हाय गं, सावकाश घेतो. तवर पेनड्राइव्हवर देत जा." संस्था अक्कांची. पोरगी एकटी कुठं हिंडणार म्हणून घरच्यांनी मोडता घातला होता, तेव्हा याच अक्का घरी येऊन अब्बांशी बोलल्या होत्या. त्यांच्या शब्दावर शंका घ्यायची म्हणजे उझमाला पापच वाटायचं.

आता त्या नोंदींचं पुस्तक निघणार होतं. अक्कांच्या सांगण्याप्रमाणं संध्याकाळी पाचला सर्व्हरवरून सगळं लातूरच्या छापखान्याला जायचं होतं. त्याआधी आपल्या नोंदी नीट पोचल्यात का, हे उझमाला डोळ्यांनी बघायचं होतं, कारण तिनं जबान दिली होती. आपल्याकडं बी मागायला गेलं की बाई आधी विचारते, पुढं दिलंस तर कुणाच्या घरचं म्हणून सांगशील? नाव सांगणार नसशील तर मूठभरही मिळत न्हाय. सास्तूरच्या सिताबाईंनी भूकंपाच्या ढिगाऱ्यातून वाचलेली, तेव्हापासून दरसाल धरलेली दगडी ज्वारी तिच्या ओंजळीत घातली, ती या एका बोलीवर. म्हणून प्रत्येक नोंदीत उझमाचा पहिला रकाना असायचा, 'कुणाच्या घरचं'.

दुपारी तिनं कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या अरफातला बोलावलं. त्यानं दोन मिनिटांत दुखणं ओळखलं.

"आपा, ह्यो अजून जुन्याच सर्व्हरला हुडकतोय. त्यो तर कवाच भंगारात गेला."

त्यानं नवा पत्ता घातला, सिंक लावलं. पडद्यावर खिडकी आली. एकशे बासष्ट फाइलींच्या दोन वेगळ्या प्रती आहेत, कुठली ठेवायची? अरफातनं सिताबाईंची फाइल दोन्हीकडची शेजारी शेजारी उघडली. डावीकडं उझमाची होती. उजवीकडं सर्व्हरवरची. दाण्याचा रंग, पेरणीची वेळ, सगळं शब्दाला शब्द तेच. पहिला रकाना तेवढा गायब, आणि खाली लिहिलेलं, 'शोध आणि संकलन : उमादेवी'.

"सर्व्हर बदलताना नावं गळाली असतील," उझमा म्हणाली. बिचारी अजूनही अक्कांचीच बाजू घेत होती.

"मशीन नाव गाळंल आपा, दुसऱ्याचं लिहील कसं?" अरफात म्हणाला. "दिवाळीत समद्यांचे लॅपटॉप म्याच जोडून दिले. तुमचा राहू द्या म्हनल्या अक्का. मला वाटलं, तुम्ही काम सोडलं."

परक्यानं लुबाडलं असतं तर ती भांडली असती. इथं तर तिच्यासाठी अब्बांसमोर हात जोडणाऱ्या बाईनं केसानं गळा कापला होता.

तेवढ्यात अक्का आल्या. पडदा बघितला आणि खुर्ची ओढून बसल्या, अगदी शांतपणे.

"सर्व्हरवरचीच ठेव, बाळ. दीडशे बायांची नावं वाचतंय कोण? मोठ्या ठिकाणी एकच नाव चालतं. उद्या तुझंबी भलं करीन. लेकीसारखी हाईस तू मला."

"लेकीसारखी होते, म्हणून माझ्या एकटीचाच लॅपटॉप तोडलात व्हय अक्का?"

उझमानं सगळ्या फाइली निवडल्या, 'लॅपटॉपवरची प्रत ठेवा'वर बोट दाबलं. हिरवी पट्टी सरकत पार पुढं गेली. एकशे बासष्ट नावं सर्व्हरवर चढली.

"झालं समाधान?" अक्का म्हणाल्या. "पुस्तक परवाच गेलंय छापायला. पाचची येळ तुला सांगितली होती, तुला एकटीलाच."

उझमाला रडू आलं, पण ते तिनं अक्कांच्या देखत गिळलं. तिनं वायर काढली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि सास्तूरकडं जायला पहाटेची एसटी कितीला आहे, ते अरफातला विचारलं. ते पुस्तक सिताबाईंच्या हातात पडायच्या आधी तिला त्यांच्या दारात उभं राहायचं होतं.