जनाजा अजून ओला आहे

मोहरीएवढा बुडबुडा. जनाज्याच्या उजव्या दांड्यावर, ऐन खांदा टेकतो त्या जागी, नुकत्याच पुसलेल्या ओल्या पॉलिशमध्ये तो बसला होता आणि फुटत नव्हता. जलालुद्दीनने फुंकर मारली. बुडबुडा थरथरला, जरा सरकला, पुन्हा बसला — चहा झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा. बोट लावावं तर डाग पडणार, न लावावं तर वाळून तिथंच त्याचा फोड होणार... आणि हा आला कुठून हे पक्कं ठाऊक होतं म्हणून तर जलालुद्दीन अधिकच पेटला. पॉलिशचं हे मिश्रण काडीने सावकाश ढवळायचं असतं, हलवलं की बुडबुडे धरतं. त्याने आज सकाळी बाटलीला बूच लावलं, तिची मानगूट धरली आणि तिला गदागदा हलवलं, जणू ती बाटली नव्हतीच, मुस्तकीम होता.

मुस्तकीम म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ. दोन गल्ल्या पलीकडे खाटेवर पडलेला, डॉक्टरांनी हात टेकलेला, आणि येईल-जाईल त्याच्या हाती एकच निरोप धाडणारा — जलालला म्हणावं येऊन जा, कहा-सुना माफ करून जा. जाणाऱ्याने माफी मागायची आणि राहणाऱ्याने ती द्यायची, अशी रीत. वा रे रीत! म्हणजे मागून तो मोकळा, आणि न देणारा मी मोहल्ल्यात काळ्या तोंडाचा. उभ्या जन्मात हा माणूस प्रत्येक गोष्टीत माझ्या पुढं, आता मरायलाही पुढं, आणि वर माफीसुद्धा बसल्या जागी हवी.

जलालुद्दीनचा राग काही साधासुधा नव्हता. बीडच्या बलभीम चौकातली मंडळी सांगतात, एकदा रागाच्या भरात त्याने रंधा मारला तर दरवाजाची फळी इतकी पातळ झाली की पलीकडून वर्तमानपत्र वाचता येत होतं. त्यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मं मात्र आत्ता या अंगणात, लिंबाखाली, सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या जनाज्यापुढं उकिडवं बसलं होतं.

जनाजा म्हणजे मशिदीतली खांद्यावरून न्यायची सागवानी खाट. मोहल्ल्यातला प्रत्येक माणूस एकदाच तिच्यावर निजतो आणि तक्रार करायला परत येत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. शेवटी कुणाच्या तरी खांद्यात कुसळ घुसलं. कमिटी म्हणाली, लोखंडी घेऊ. जलालुद्दीन म्हणाला, हात लावायचा नाही, लाकूड मी बघतो. तेव्हा मुस्तकीम धडधाकट होता, चौकात बसून थापा मारत होता. घासून पॉलिशचे दोन हात मारले की काम संपलं असतं. मग मुस्तकीमने अंथरूण धरलं — आणि तेव्हापासून जलालुद्दीन हातावर हात मारत सुटला होता. अर्धं पीयूचं व्हार्निश, अर्धं टर्पेंटाईन, जुन्या बनियनची घडी, लाकडाच्या रेषेच्या दिशेने एक सरळ ओढ. पातळ, कागदाहून पातळ थर. तो वाळला की झिजलेल्या पॉलिश पेपरने हळूच घासायचा, धूळ पुसायची, पुन्हा पुढचा. ब्रश नाही, मशीन नाही.

आणि ही विद्यासुद्धा त्याचीच! मुस्तकीमने जेद्दाहच्या कारखान्यातून आणलेली. परत आला तेव्हा अत्तराच्या बाटल्या नाहीत, सोनं नाही. आणलं काय, तर फडक्यानं पॉलिश पुसायची रीत, आणि एका शेखाची गोष्ट, ज्याच्या मेजात उंटाने स्वतःचं तोंड पाहिलं आणि तो लाजून तीन दिवस जेवला नाही. सगळा मोहल्ला हसला होता. मीही हसलो होतो, सगळ्यात मोठ्यानं... त्याने माझं मनगट धरून शिकवलं — "पुढं जा बे, पुसलं की मागं वळायचं न्हाई. ओल्यावर परत फडकं फिरवशील तर ओढल्यागत दिसंल. चुकलं तर चुकू दे. वाळल्यावर बघू."

वाळल्यावर बघू. बघितलंस काय रे, भाई?

काही वर्षांपूर्वीचा उन्हाळा होता. पुण्यात एका बंगल्याचं काम चालू होतं आणि फोन आला, अम्मी गेली. एसटी सौताड्याच्या घाटात बसली ती बसलीच. जलालुद्दीन दुधाच्या टेम्पोत चढला, पाटोद्यात उतरून जीपला लटकला, मांजरसुंब्यातून फोन केला — भाई, आलोच, थांब. पलीकडून मुस्तकीम "हं" म्हणाला होता. हं! त्या 'हं'वर जलालुद्दीनने उरलेला सगळा घाट काढला. आणि पोचला तेव्हा माणसं कब्रस्तानातून परत येत होती, हातांची माती झटकत, कुणाच्या मुलीच्या लग्नाचं बोलत. याच दांड्याला त्या सगळ्यांचे खांदे लागले होते. किराणावाल्याचा लागला, रिक्षावाल्याचा लागला, ज्याला अम्मीने कधी दारात उभं केलं नव्हतं त्या जावयाचासुद्धा लागला. माझा नाही. कबरीवर पाणी शिंपडून झालं होतं. त्याने मूठभर माती टाकली तर ती त्या ओल्या मातीवर वेगळीच दिसत राहिली, कोरडी, उपरी. मुस्तकीम म्हणाला, "ऊन लई होतं जलाल, मय्यत ठेवता येत न्हाई." बरोबर होतं. शरियतने बरोबर, उन्हाने बरोबर, सगळ्या बाजूंनी बरोबर... त्याच बरोबरपणाचा तर राग होता. चूक असती तर कधीच माफ केली असती.

"किती हात मारणार?" अकबरी ओट्यावरून म्हणाली. ती त्याची बायको. टर्पेंटाईनच्या वासाने तिने पदर नाकाला लावला होता, पण त्यामुळे बोलणं अडत नव्हतं. "लाकूड दिसायचं बंद झालं आता."

"ओला हाय अजून."

"काल बी ओलाच होता."

"हवा दमट हाय."

"बीडात?" अकबरी पदरातच हसली. "नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई, आन हवेला मातूर पान्हा फुटला! अजी, तुमी कुणाला फसवताय? भाईजानचं तिकडं काई बरं न्हाई. जाऊन या."

"जनाजा झाल्याबिगर कसा जाऊ?"

"जनाजा न्हाई झाला म्हणून कुणी मरायचं थांबतं व्हय? बाजूच्या मोहल्ल्यातला आणतील. लोखंडी. चाकं बी हायत म्हणं त्याला."

चाकं! भाजीच्या गाड्यासारखा ढकलत नेणार मुस्तकीमला! जलालुद्दीनच्या कानशिलांत असं काही उसळलं की त्याचं भान सुटलं आणि ज्या हाताला इतकी वर्षं 'मागं वळायचं न्हाई' हे पाठ होतं, तोच हात मागं वळला. त्या बुडबुड्यावर त्याने फडकं दाबलं आणि रगडलं. अर्धवट वाळलेला थर ओढला गेला, सुरकुतला. खांद्याच्या जागी वीतभर पट्टा मेंढीच्या ओल्या लोकरीसारखा गढूळ झाला. गेलं. आता हे वाळू द्यायचं, मुळापर्यंत घासायचं, पुन्हा पहिल्यापासून हात.

आणि त्याला बरं वाटलं.

फडकं भिंतीवर पसरून ठेवताना — या तेलकट चिंध्या चुरगाळून ढिगात टाकल्या तर आतल्या आत तापून आपोआप पेटतात, म्हणून मोकळ्या पसराव्या लागतात — त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला बरं वाटलंय. कावून? इतक्या कामाची माती झाली आणि छाती हलकी? म्हणजे आणखी चार दिवस हा जनाजा मशिदीत जाणार नाही. थांब म्हणावं. मी मांजरसुंब्यातून ओरडलो तेव्हा थांबला नाहीस. आता पड तिथं खाटेवर, आणि माझं होईस्तोवर थांब... हीच तर शिक्षा होती. शिक्षाच होती ना? मग दर नव्या हाताला मनात 'अजून आहे, भाई अजून आहे' असं कोण म्हणत होतं?

दारात गुफरान उभा होता. मुस्तकीमचा मुलगा, गॅरेजवाला, हाताला ग्रीस, डोळे झोपेविना लाल.

"चच्चा."

"माफीचा निरोप असंल तर तसाच वापस जा."

"न्हाई, माफीचा न्हाई." गुफरानच्या तोंडावर हसू यायला लागलं आणि मध्येच वाकडं झालं. "अब्बा म्हणले, जलालला सांग, लई गुळगुळीत करू नको. चौकातल्या चढावर मी घसरून पडलो तर लोक म्हणतील, भावानं जाताजाता बी पाडला."

ओट्यावर अकबरी फस्सकन हसली आणि लगेच तिने पदर डोळ्यांना लावला. जलालुद्दीन हसला नाही. आतून मात्र काहीतरी उंटासारखं वेडंवाकडं उठू लागलं होतं. त्याने दात आवळून ते खाली बसवलं.

"आणखी?"

"आन म्हणले... सावकाश कर म्हणावं. या टायमाला मी थांबतो."

लिंबावरून एक पान सुटलं आणि ओल्या पट्ट्यावर चिकटलं. कुणी काढलं नाही.

"कसा हाय?" जलालुद्दीनने विचारलं. अंथरूण धरल्यापासून पहिल्यांदा.

"पहाटेपासून पाणी बी घेत न्हाई. तुमी येता का, चच्चा?"

इतकी वर्षं त्याने उत्तर तयार ठेवलं होतं. मुस्तकीम म्हणणार, माफ कर. मी म्हणणार, नाही. रोज घासून, पुसून, थरावर थर चढवून ते 'नाही' त्याने आरशासारखं केलं होतं. आणि आज या हरामखोराने मागितलंच नाही. ना माफी मागितली, ना सवड; उलट सवड स्वतःच देऊन बसला — थांबतो म्हणे! पाणी उतरेना घशाखाली आणि हा थांबणार! आयुष्यभर ज्याच्या तोंडून एक गोष्ट धड खरी निघाली नाही... थापाड्या. थापाड्या लेकाचा. राग होता तसाच होता, तोच कढ, तेच कानशिलांतलं ठोके देणं; फक्त तो आता त्या उन्हाळ्याकडं तोंड करून उभा नव्हता. वळला होता, दाराकडं, दोन गल्ल्यांपलीकडं, जे अजून झालं नव्हतं आणि दुपारपर्यंतही होऊ शकत होतं त्याच्याकडं. कारण एवढ्या सगळ्या थापांमधली ही एक खरी निघावी असं त्याला वाटलं होतं, जिवाच्या आकांताने वाटलं होतं, आणि असं वाटायला लावल्याबद्दल तो मुस्तकीमला मुळीच सोडणार नव्हता.