घंटी एकदा जास्त वाजली

मित्रांनो, मी मेपलच्या लाकडाची एक जुनी मतपेटी आहे. अमेरिकेच्या उत्तरेला, डोंगरात वसलेल्या एल्डर हॉलो या गावाची. माझ्या डोक्यावर एक फट आहे, कडेला पितळेची मूठ आणि पोटात घंटी. मतदाराने कागद फटीत धरायचा आणि मूठ फिरवायची. कागद दोन रुळांमधून आत जातो, घंटी टण्णकन वाजते आणि समोरच्या तबकडीवरचा आकडा एकाने पुढे सरकतो. गावच्या सुताराने मला घडवले तेव्हा लोक त्याला हसले होते, म्हणाले, मत द्यायला एवढा गाजावाजा कशाला? तो म्हणाला, "दिलेलं मत पोचलं, हे देणाऱ्याला ऐकू नको का यायला?" तो सुतार मला आजही फार आवडतो.

आमच्या गावात माणसे मुख्यतः दोन प्रकारची. हत्तीचे चिन्ह मिरवणारे रिपब्लिकन आणि गाढवाचे चिन्ह मिरवणारे डेमोक्रॅट. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीआधी प्रत्येक पक्ष घरातले भांडण घरातच मिटवतो. पक्षातल्या पक्षात मतदान होते आणि उमेदवार ठरतो. मग नोव्हेंबरात मतदानाच्या मंगळवारी सारे गाव सभागृहात लोटते. दाराशी चर्चच्या बायका गरम डोनट विकतात आणि हत्तीवालीने तळलेले डोनट गाढववाले मिटक्या मारत खातात. आई मत द्यायला आली की माझी मूठ फिरवण्याचा मान तिच्या लेकराचा. चिमुकल्या हातांनी घंटी वाजली की मला काय आनंद होई म्हणून सांगू!

मोजणीची रीतही मला आवडे. एका टेबलाशी एक हत्तीवाला आणि एक गाढववाला. एकाने वाचायचे, दुसऱ्याने डोळ्यांत तेल घालून बघायचे, मग अदलाबदल. ऑरिन थेअर आणि हेस्टर डाऊ ही जोडी वर्षानुवर्षे एकाच टेबलावर बसे. ऑरिन पक्का हत्तीवाला, हेस्टर पक्की गाढववाली. दोघे एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय पेन्सिलही उचलत नसत. निवडणुकीच्या आदल्या दिवशी माझ्या मुठीला तेल घालायचे काम मात्र ऑरिनचे.

एका वर्षी ऑरिनची मुलगी नेल राज्याच्या विधानसभेतल्या आमच्या गावापुरत्या जागेला उभी राहिली. ती गुरांची डॉक्टर. सारा उन्हाळा चिखल तुडवत तिने एकेक दार ठोठावले होते. तिच्यासमोर होता शाळेची बस चालवणारा विन्स्लो पाइक, गाढववाल्यांचा. मुलगी उमेदवार म्हणून ऑरिनने मोजणीला हातही लावला नाही. तो मागच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. त्याच्या जागी दुसरा हत्तीवाला बसला होता.

संध्याकाळी मोजणी संपली. नेल फक्त एका मताने पुढे! टाळ्या झाल्या. विन्स्लोने दिलदारपणे तिचा हात हातात घेऊन अभिनंदनही केले. तेवढ्यात हेस्टरने चष्मा वर केला.

"थांबा जरा. तबकडी एक आकडा जास्त दाखवतेय. कागद एक कमी आहे."

मतदान आणि मोजणीवर देखरेख करणारा मार्टिन कोल दमला होता. तो म्हणाला, "अगं, कुठल्या तरी पोराने मजा म्हणून मूठ दोनदा फिरवली असेल. पेटी पण आता म्हातारी झाली. घरी जाऊ या."

लोकांनी माना डोलावल्या. हेस्टरने चष्मा काढून ठेवला. हरल्यावर रडतेय, असे कोणी म्हणायला नको होते तिला. माझा जीव मात्र तळमळत होता. मित्रांनो, मी रिकामी कधीच वाजत नाही! एक जाड घडी घातलेला कागद माझ्या रुळामागे अडकून बसला होता आणि मला बोलता येत नव्हते.

मागच्या बाकावरून ऑरिन उठला.

"हेस्टर, मूठ फिरव. कागद न घालता."

हेस्टरने फिरवली. आवाज नाही. पुन्हा फिरवली. तरी नाही.

"कागदाशिवाय ही बोलत नाही," ऑरिन म्हणाला. "आता आत हात घाल. रुळाच्या मागे."

"तूच घाल की. तुला सवय आहे."

"मी नाही घालणार. माझी पोर उभी आहे. तू गाढववाली, तूच घाल."

नेल बापाकडे बघत होती. त्याने तिच्याकडे बघितले नाही. हेस्टरने कोपरापर्यंत हात घातला आणि चुरगळलेला कागद बाहेर काढला. दोन्ही पक्षांच्या माणसांनी तो डोक्याला डोके लावून वाचला. मत विन्स्लोला होते. बरोबरी!

बरोबरी झाली की आमच्याकडे चिठ्ठी काढतात. दोन नावे माझ्याच पोटात टाकली. मार्टिनने डोळे मिटून एक काढले. विन्स्लो पाइक.

नेल बापाजवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, माझं सगळं गेलं हो त्या कागदापायी."

"कुणीतरी येऊन ते मत दिलं होतं, बाळा. घंटी ऐकून समाधानाने घरी गेलं असेल. त्याला काय सांगायचं होतं मी?"

नेलने नाक पुसले आणि बापाची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. "चला, डोनट तरी उरलेत का बघू. विन्स्लो, तू पण ये. आज डोनट तुझ्याकडून!"

दोन वर्षांनी नेल पुन्हा उभी राहिली. त्या दिवशी हेस्टर पडद्याआडून कागद घेऊन आली, माझी मूठ जरा जास्तच जोरात फिरवली आणि ऑरिनकडे बघून तिने डोळा मिचकावला. ऑरिन म्हणाला, "काय गं, हत्तीला चारा घातलास की काय?" ती म्हणाली, "पेटीला विचार!" कागदावर काय होते ते मला ठाऊक आहे. पण सांगणार नाही. न सांगणे हेच तर माझे काम. एवढे सांगते, नेल त्या वर्षी निवडून आली आणि चिठ्ठी काढायची वेळ आली नाही.

आता गावात मोजणीचे यंत्र आले आहे. मी शाळेत असते. मुले वर्गाचा मॉनिटर निवडतात, सहलीला कुठे जायचे ते ठरवतात आणि घंटी वाजली की खिदळतात. दर वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी एक बाई येऊन मुठीला तेल घालते. ती नेल. मी सुखात आहे.

तुमच्याकडे मागणे एकच, मित्रांनो. कुठेही मते मोजाल, वर्गात किंवा देशात, तेव्हा निकाल आपल्या मनासारखा लागला की लगेच टाळ्या वाजवू नका. आधी पेटीत हात घालून बघा. आपल्या विरुद्ध गेलेला एखादा कागद आत अडकला असेल, आणि तो देणारा घंटी ऐकून विश्वासाने घरी गेला असेल.