चिखल की वाळू

होडीवर सासरे आणि सून, दोघंच होती. सासऱ्यांनी पस्तीस वर्षं मोठी जहाजं वाट दाखवत बंदरात आणली होती. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. सून दवाखान्यात नर्स होती आणि तीन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडून शीड हाकायला शिकत होती. नवऱ्याला होडीत पाय ठेवला की मळमळायचं, त्यामुळे ही विद्या मुलाला वळसा घालून सुनेकडे आली होती.

डागडुजीला दिलेली होडी त्या दिवशी घरच्या बंदरात परत आणायची होती. दोनच्या भरतीला आत शिरायचं ठरलं होतं. पण वाटेत फाटक्या जाळ्याचा तुकडा इंजिनाच्या पंख्यात अडकला आणि इंजिन बसलं ते बसलंच. शिडावर रखडत ती दोघं बंदराच्या तोंडाशी पोचली तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. ओहोटी लागली होती, पाठीमागून वारा वाढत होता. बाहेर थांबावं तर कुठे आडोसा नाही. अजून अर्धा तास गेला असता तर आत जायला पाणी उरलं नसतं, आणि वाऱ्याने होडी उजवीकडच्या खडकांवर नेऊन घातली असती.

सासरे पुढच्या टोकाशी बसले होते. "सूनबाई, टेकडीवरची टाकी आणि बर्फाच्या कारखान्याची चिमणी एका रेषेत आली का?"

आली, असं तिने सांगितलं. ती रेष धरली की खोल पाण्याच्या वाटेने आत जाता यायचं. हे ते दर वेळी विचारायचे. आपली परीक्षा घेतात असं तिला वाटायचं.

"मग रेष सोडू नकोस."

पण नेमकं त्या रेषेवरच, शंभरेक पावलांवर, पाणी पांढरं फुटत होतं. एक लाट उभी राहिली, कोसळली, आणि तिच्यामागे क्षणभर पिवळी वाळू उघडी पडली. सासरे आता बोलतील, मग बोलतील, म्हणून ती थांबली. ते त्या लाटेकडेच तोंड करून निवांत बसले होते, बसची वाट पाहत बसावं तसे.

डोळे अधू झालेल्यांचे असे चेहरे तिने दवाखान्यात रोज पाहिले होते. तिने सुकाणू दाबून होडी डावीकडे वळवली.

"मामंजी, समोर काय दिसतंय तुम्हाला?"

"उजेड दिसतो," ते म्हणाले. "बाकी सगळं धुकं. वर्ष होत आलं." मग निघताना बंदर कार्यालयातल्या माणसाने हातात एक कागद दिल्याचं त्यांनी सांगितलं. वाचल्यासारखं करून त्यांनी तो खिशात घातला होता. तिने तो मागितला. खिशात भिजून त्याचा लगदा झाला होता. वाळू सरकली आहे एवढं वाचता आलं. कुठल्या बाजूला, ते मात्र नाही.

तिला संताप आला. पण पाणी उतरत होतं, आणि संताप नंतरही काढता आला असता. आता काय करायचं, एवढंच तिने विचारलं.

सासरे उठले, चाचपत फळीखालून दोरी काढली. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा, तळाची माती चिकटून यावी म्हणून गोळ्याच्या बुडाला चरबी, आणि हाताहातावर गाठी. होडीला तीन हात पाणी लागायचं. त्यांनी गोळा पुढे फेकला, बोटांनी गाठी मोजल्या आणि बुडाची चरबी अंगठ्याने चोळली.

"पाच हात. वाळू आहे. अजून डावीकडे घे. खरी वाट चिखलाची असते."

तिने घेतली. आता लाटा कुशीवर येत होत्या आणि होडी पालथी व्हायला बघत होती.

"चार. वाळूच."

पुढची फेक साडेतीनची निघाली. परत फिरायचं का, तिने विचारलं. आता फिरता येणार नाही, असं ते म्हणाले, आणि आवाज न चढवता म्हणाले. एवढ्यात बूड घासलं. खालून कुणी पोटावरून खरवडावं तसा आवाज आला आणि होडी अडली. मागची लाट चढून आत आली, दोघं कमरेपर्यंत भिजली. पण त्याच लाटेने होडी उचलली आणि चार पावलं पुढे नेऊन सोडली.

सासरे गुडघ्यांवर पडले होते. तिथूनच त्यांनी गोळा फेकला, ओढला, बोटं चोळली. पुन्हा चोळली.

"चिखल," ते म्हणाले. "पाच हात. आता उजवीकडे, हळू. मी सांगतो तसं."

त्यानंतर ते सांगत गेले आणि ती वळवत गेली, अगदी धक्क्यापर्यंत. तिने दोर बांधला. मग तिने आतला सगळा राग बाहेर काढला: आपण दोघं मेलो असतो, वर्षभर मला फसवलंत, डोळ्यांचं कळलं तर घरचे होडी विकतील या भीतीने माझा जीव पणाला लावलात. त्यांनी एकही शब्द अडवला नाही. ती थांबली तेव्हा ते म्हणाले, "घरी मी सांगतो. तू मध्ये बोलू नकोस."

घरी चहा घेताना त्यांनी सुरुवात इंजिनापासून केली. मग जाळ्याचा तुकडा, मग वारा. वाऱ्यावर तर ते इतके रेंगाळले की हे आता टाळणार, असं तिला वाटलं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं," ते मुलाला म्हणाले. "होडी तिने आणली."

मुलाने कप खाली ठेवला आणि आधी बायकोकडे पाहिलं.