साडेचार मिलीमीटर

मी हब बोलतोय. सायकलच्या मागच्या चाकाचा मधला गाभा. मी तुम्हाला ठाऊक नसणार, याची मला खात्रीच आहे. सायकल घेताना तुम्ही रंग बघता, घंटी वाजवता, सीट दाबता, की झालं तुमचं परीक्षण. सगळे स्पोक ज्याच्यात येऊन मिळतात आणि ज्याच्या जिवावर चाक फिरतं, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. नका बघू. माझं काही अडलेलं नाही.

जन्म माझा परदेशातला. देशाचं नाव सांगत बसत नाही, नाहीतर तुम्ही लगेच किंमत विचाराल. तिथे मला मापात बनवलं. 'अंदाजे', 'साधारण', 'बसेल की' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते नवी मुंबईत आल्यावर.

माझ्या उजव्या अंगाला एक पोलादी नळी आहे आणि तिच्यावर लांबीला खाचा आहेत. त्या खाचांवर दातेरी चकत्यांची एक चळत सरकवायची, मग नट आवळायचा. त्या चळतीला कॅसेट म्हणतात. गाण्यांची नव्हे. सगळ्या खाचांमध्ये एक खाच मुद्दाम वेगळ्या रुंदीची ठेवलेली असते, म्हणजे चकत्या उलटसुलट बसूच शकत नाहीत. अडाणी हातांचा विचार करून केलेली सोय आहे ती. पण ती करणाऱ्यांनी नेरूळचा सायकलवाला बाजीराव पाहिला नव्हता.

आधी माझा पहिला मालक. जहाजावरचे इंजिनियर, राहायला वाशीच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. ब्याण्णव साली मला सायकलसकट बोटीवरून आणलं, चार रविवार फिरवलं, शेजाऱ्यांना गियर मोजून दाखवले आणि बाल्कनीत उभं केलं. तीन वर्षं माझ्यावर ओले टॉवेल वाळले. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने कॅसेटचे दात खाऊन टाकले. इंजिनियर म्हणवणाऱ्या माणसाला तीन वर्षांत तेलाचा एक थेंब सुचला नाही, आणि हा बोटीचं इंजिन सांभाळायचा म्हणे!

मग त्यांना बाल्कनीला ग्रिल मारून घ्यायची हुक्की आली. वेल्डर आला, सायकल मध्ये येत होती. "अरे, घेऊन जा ती," मालक म्हणाले, हातातला पेपर खाली न ठेवता.

वेल्डरचं नाव हौसेराव. मूळचा कोरेगाव तालुक्यातला, तळोज्याच्या एका कारखान्यात कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या खिडक्यांना ग्रिलं. निम्म्या नेरूळला त्याने पिंजऱ्यात घातलं होतं. जगात जे काही ढिलं आहे ते वेल्डिंगने घट्ट होतं, अशी या गृहस्थाची ठाम समजूत. पोरीच्या कंपासपेटीची बिजागरी जोडायला गेला आणि पेटीला भोक पाडून बसला. वर म्हणतो कसा, पत्राच हलका होता.

त्याची पोरगी राजेश्वरी. तेव्हा सतरा वर्षांची, अकरावी सायन्सला. तिच्याबद्दल वाईट बोलायचं मी फार मनावर घेतलं होतं, पण जमलं नाही. आल्या दिवशी तिने मला उलगडलं, रॉकेलने धुतलं, छर्रे एका वाटीत मोजून ठेवले आणि तितकेच परत घातले. तितकेच. बाजीरावकडे दर वेळी एकदोन उरायचे.

पहाटे उठून ती उरण फाट्यापर्यंत जाऊन यायची. जानेवारीत सायकल शर्यतीची जिल्ह्याची निवड होती. दिवाळे गावाच्या फाट्यावरून सुटायचं, उरण रस्त्याने जाऊन परतायचं, मग पारसिकच्या टेकडीवर चढून पलीकडे उतरायचं. पहिल्या चार मुली पुण्याच्या शिबिराला जाणार, तिथेच राहणार, तिथेच शिकणार. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. म्हणजे हीच एक संधी. तिला ती इतकी हवी होती की घरात त्याबद्दल ती बोलायचीसुद्धा नाही.

अडचण माझ्या कॅसेटची. दात झिजलेले, चढावर जोर लावला की साखळी सटकायची. आठ चकत्यांची कॅसेट कुठे मिळेना. मुंबईला जाऊन तिने जुन्या मालातून सात चकत्यांची एक शोधून आणली आणि आम्ही गेलो बाजीरावच्या दुकानात.

"इसको साधा फिरवील लगता है, ताई," बाजीराव म्हणाला आणि आट्यांचं फ्रीव्हील माझ्यावर पिळायला लागला. अरे बाबा, माझ्यावर आटे आहेत का? खाचा आहेत, खाचा! दहा मिनिटं पिळल्यावर त्याला ते दिसलं. मग कॅसेट हातात घेतली, ती वाकडी धरून रेटली आणि बसेना म्हणून माझ्याकडे बारकाईने बघितलं. "कंपनीचा फॉल्ट हाय. ही एक खाच बघा, चुकलीये. कानस मारून सारखी करतो, टेन्शन नाय."

मला वाटलं, संपलं आता. पण राजेश्वरीने त्याच्या हातातली कानस काढून घेतली. "राहू द्या, बाजीरावकाका." चकत्या फिरवून तिने रुंद खाच बरोबर जुळवली आणि कॅसेट अलगद आत सरकवली. दुकानदारीला पंधरा वर्षं झालेला तो माणूस मग म्हणाला की तो हेच करणार होता.

बसली, पण नट पूर्ण आवळला तरी कॅसेट खुळखुळत राहिली. साधी गोष्ट आहे. माझी नळी आठ चकत्यांच्या लांबीची, वर आल्या सात. उरलेली जागा भरायला मागे एक कडी हवी. बाजीरावने त्या जागेत ट्यूबची पट्टी गुंडाळून बघितली, मग साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा. दिवाळे गावापर्यंत जाईस्तोवर पुठ्ठ्याचा भुगा झाला.

निवडीला सहा दिवस उरले होते. राजेश्वरीने कॉलेजच्या लॅबमधून मॅडमना विचारून बारीक मापं घेणारा व्हर्नियर आणला आणि मला मोजलं. साडेचार मिलीमीटर. वहीत तिने कडीचं चित्र काढलं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, आणि शेजारच्या सुगतकडे गेली. सुगत तुर्भ्याच्या एका कंपनीत लेथवर होता.

"सुगतदादा, एवढी रिंग काढून द्याल?"

त्याने चित्र उलटसुलट बघितलं. "कुणी काढलं हे?"

"मीच."

"शनिवारी संध्याकाळी ये. शिफ्ट सुटली की देतो."

एवढंच बोलणं. परदेश सोडल्यापासून माझ्याविषयी दोन माणसं शहाण्यासारखं बोलल्याची ही पहिली वेळ.

शनिवारी ती रिंग आणायला गेली आणि इकडे हौसेराव कामावरून लवकर आला. आठवडाभर पोरगी चाकापुढे बसलेली तो बघत होता. चाक उचलून त्याने हलवलं. खुळखुळ वाजलं.

"पोरगी रडकुंडीला आली, आन् मी काय मेलोय व्हय?"

त्याची बायको राजाबाई आतून म्हणाली, "तिला इचारा तरी."

"त्यात इचारायचं काय? ढिलं हाय ते घट्ट करायचं."

अंगणात मशीन होतंच. घाईत चेहऱ्यापुढे काचही धरली नाही त्या शहाण्याने. रॉड लावला आणि कॅसेट माझ्या नळीला कायमची चिकटवून टाकली. माझ्या आतलं ग्रीस जळून डांबर झालं. आत बारीक खटके असतात, पाय थांबले की चाकाला मोकळं सोडणारे. त्यांच्या स्प्रिंगा तापून गेल्या आणि खटके जागच्या जागी अडकून बसले. खोटं कशाला बोलू, बाहेरून जोड सुरेख होता. एका रेषेत, एकसारखा. ज्या कामाला हातच लावायचा नव्हता ते त्याने फार मन लावून केलं.

राजेश्वरी मुठीत रिंग घेऊन आली.

"हे बघ, राजे. आता माझा बाप जरी आला तरी हलायचं न्हाई."

तिने चाक हातात घेतलं. कॅसेट उलटी फिरवून बघितली. ती मोकळी फिरायला हवी होती, फिरली नाही. पुन्हा बघितली. तिला सगळं कळलं, तेवढी अक्कल होती तिला. आता पाय थांबवायची सोय नव्हती. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि उतारावर पाय थांबवले तर साखळी ओढली जाऊन गियरसकट स्पोकमध्ये घुसणार. कॅसेट आता सुटणार नव्हती, त्यामुळे रिंगही कामाची उरली नव्हती. घरात दुसरी सायकल होती ती बिनगियरची, तिच्यावर टेकडी चढणं शक्य नव्हतं.

बोल, म्हटलं मी मनात. सांग या माणसाला काय केलंय त्याने ते. तिने वर बघितलं. काच न धरल्यामुळे त्याचे डोळे लाल झाले होते, त्यातून घळाघळा पाणी येत होतं, आणि तो हसत होता.

"कसं झालंय?"

"मस्त झालंय, आप्पा."

रिंग तिने खिशात टाकली. मला तिचा जेवढा संताप आला तेवढा बाजीरावचाही कधी आला नव्हता.

रविवारी सकाळी निवडीच्या शर्यतीला सुटलो. दिवाळ्याच्या बायका फाट्याशी मासळी पसरत होत्या, त्यांनी मान वर करून बघितलं. सपाट रस्त्यावर तिने एकदाही पाय थांबवले नाहीत. बाकीच्या मुली मधूनच पाय मोकळे सोडून दम खात होत्या, हिला ती चैन नव्हती. तरी टेकडीच्या चढावर ती एकेकीला मागे टाकत गेली आणि माथ्यावर दुसरी पोचली. दुसरी! माझ्यासारख्या जळक्या हबवर.

मग उतार आला. पुढची मुलगी पाय स्थिर करून, वाकून सुसाट गेली. राजेश्वरीने ब्रेक धरले. पाय भराभरा फिरताहेत, दोन्ही ब्रेक दाबलेले, रबराचा वास सुटलेला. एक मुलगी पुढे गेली, मग दुसरी, मग दोघी एकदम. खालच्या वळणावर हौसेराव उभा होता. लाल डोळ्यांनी त्याने ते सगळं बघितलं.

ती सहावी आली.

शाळेपासून तिला शिकवणाऱ्या खेळाच्या सुनयना मॅडम धावत आल्या. "राजेश्वरी, उतारावर ब्रेक का दाबत होतीस?"

हौसेराव शेजारीच होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"घाबरले, मॅडम."

हौसेरावने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आसू दे. पोरीची जात, भ्या वाटायचंच." आणि बिचाऱ्याला खरंच वाईट वाटत होतं. तिच्या भित्रेपणाचं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. सायकलची बाकीची हाडं भंगारात गेली. मी मात्र चाकासकट हौसेरावच्या नव्या शेडमध्ये भिंतीला टांगलेला आहे, नमुना म्हणून. गिऱ्हाईक आलं की तो मला काठीने दाखवतो. "ह्यो जोड बघा. टेकडी चढून उतरला, केसभर हलला न्हाई. चाक एक नंबर होतं. पर पोरगी घाबरली, न्हाईतर आज पुन्यात आसती."

राजेश्वरी तुर्भ्याला एका कंपनीत स्टोअरमध्ये लागली आहे, बसने जाते. सुट्टीला त्याचा डबा घेऊन शेडमध्ये येते. तो हे सांगत असतो तेव्हा ती डबा उघडून पोळ्या काढत असते. गिऱ्हाईकं तिच्याकडे बघून हसतात, आणि मी असा लटकलेला.

माणसांकडे काही मागायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुमची लायकी मला माहीत आहे. पण तुमच्यापैकी कुणी ग्रिल करायला नेरूळला गेलात, आणि त्याने मला काठीने दाखवलं, तर एक काम करा. जोडाला नावं ठेवू नका, माणसाचं वय झालंय. खटके, ग्रीस, साडेचार मिलीमीटर, यातलंही काही सांगू नका, त्याच्या डोक्यात शिरणार नाही. एवढंच सांगा त्याला, की पोरगी घाबरली नव्हती.